दहा पांढऱ्या साड्या आणि एक निळं ब्लँकेट

विमलाबाई केदारे यांच्या घरी त्या दिवशी सकाळी दहा पांढऱ्या साड्या वॉशिंग मशीनमध्ये गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांना केस आले होते.

केस म्हणजे लव. निळी, बारीक, मऊ लव. पदरापासून निऱ्यांपर्यंत वीतभर जागा रिकामी नव्हती. विमलाबाईंची सून ज्योत्स्ना हिने पहिली साडी ओढली, दुसरी ओढली, आणि तिसऱ्या साडीला बिलगून एक गडद निळं, जाडजूड, दोन माणसांचं मिंक ब्लँकेट वर आलं. ज्योत्स्ना होती तिथेच खाली बसली. फरशी ओली आहे हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही.

आता दहा पांढऱ्या साड्या एका घरात कशाला, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आहे तरी कोण. साड्या विमलाबाईंच्या नव्हत्या, तक्षशिलानगरच्या महिला मंडळाच्या होत्या. अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला ही वसाहत आहे. दर वर्षी रमाई जयंतीला संध्याकाळी शाळेच्या मैदानावर महिलांच्या लेझीमची स्पर्धा होते, आणि दर वर्षी ढाल शेजारची नालंदा कॉलनी घेऊन जाते. वसाहतींची नावं विद्यापीठांची, पण वैर अगदी नळावरचं. नालंदाच्या प्रमुख झुंबरबाई दोंदे. या झुंबरबाई आणि आपल्या विमलाबाई दोघी माहेरच्या देवळ्याकडच्या, एकाच गावच्या, एकाच शाळेत एका पाटीवर लिहिलेल्या. त्यामुळे हरणं जास्तच झोंबायचं.

गेल्या वर्षी तर नुसती शोभा झाली. लेझीम उत्तम झाली होती, पण परीक्षक बाईंनी माइकवरून सांगितलं की तक्षशिलानगरच्या भगिनींनी एकाच रंगाच्या साड्या नेसल्या असत्या तर बरं दिसलं असतं. अहो, एकाच रंगाच्या होत्या. एका दुकानातून, एका गठ्ठ्यातून आणलेल्या. फक्त धुतल्या होत्या दहा घरांत. कुणाकडे बोअरचं पाणी, तिची साडी पिवळट. कुणी नीळ सढळ हाताने घातलेली, तिची आभाळी. एकीने लाल टॉवेलबरोबर भिजवली होती, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. त्या दिवशी विमलाबाईंनी ठरवलं की पुढच्या वर्षी एक घर, एक पाणी आणि एक नीळ. आणि विमलाबाईंनी एकदा ठरवलं की मग मंडळात मतदान वगैरे होत नाही.

त्यातून हे वर्ष त्यांचं शेवटचं. दोन्ही गुडघे पार गेलेले. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की नंतर चाला, फिरा, जिने चढा, पण उड्यांचं नाव काढू नका. ज्या बाईने वसाहतीतल्या तीन पिढ्यांच्या हातात लेझीम दिली, तिच्या स्वतःच्या हातात ढाल एकदाही आली नव्हती. त्या हे बोलून दाखवत नसत. पण सरावाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं, आणि यंदा ढाल आणायची ती काकूंसाठी, हे सगळ्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

हे मनोजला, म्हणजे विमलाबाईंच्या चिरंजीवांना, माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण मनोज पडला अंबडच्या एका कारखान्यात पावडर कोटिंगचा सुपरवायझर. तिथे लोखंडी कपाटांना रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजतात, आणि तिथला पहिला धर्म असा की भट्टी अर्धी भरून चालवायची नाही. एक खण रिकामा दिसला तर मनोजला जेवण जात नाही. आदल्या दिवशी वसाहतीत पाणीच आलं नाही म्हणून साड्या धुवायचं काम ऐन जयंतीच्या सकाळवर आलेलं. विमलाबाई साड्या मशीनमध्ये घालून, नीळ आणि पावडर मोजून, शेवटच्या सरावाला मैदानावर गेल्या. जाताना मनोजला म्हणाल्या की पाणी पूर्ण दाबाने आलं की बटण दाब.

मनोजने झाकण उघडून पाहिलं तर वर चांगली हातभर जागा रिकामी. आणि शेजारीच कोपऱ्यात ते निळं ब्लँकेट पडलेलं. ज्योत्स्नाचे आईवडील लेझीम बघायला मनमाडहून मुक्कामाला येणार होते. फेब्रुवारीतली नाशिकची थंडी म्हणजे काही थट्टा नव्हे, म्हणून हे ब्लँकेट खास त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून आणलं होतं. नवं कोरं, पण गोदामाचा उग्र वास मारणारं. ते धुऊन टाका, असं ज्योत्स्ना दोन दिवस सांगत होती. तिचा अर्थ होता टबात घालून, पायाने तुडवून, वेगळं. मनोजने रिकामी जागा पाहिली, ब्लँकेट पाहिलं आणि बटण दाबलं. मग स्वतःवर खूश होऊन ट्रिमरने दाढी करायला बसला.

अर्धी दाढी झाली असताना हाक आली.

“हे काय आहे?” ज्योत्स्नाने विचारलं.

“ब्लँकेट.”

“साड्यांमध्ये?”

“जागा होती.”

ज्योत्स्ना शाळेत सातवीचा वर्ग सांभाळते. वर्गात ज्या नजरेने ती शेवटच्या बाकाकडे बघते, त्या नजरेने तिने नवऱ्याकडे पाहिलं. ओरडायला वेळ नव्हता. सराव संपवून सासूबाई केव्हाही येऊ शकत होत्या, आणि संध्याकाळी तर स्पर्धाच होती. एवढं नशीब की ब्लँकेटचा रंग गेला नव्हता. गेली होती ती नुसती लव. झटकली की निघेल, असं मनोज म्हणाला, आणि त्या सकाळी त्याने बोललेल्या चुकीच्या वाक्यांची तिथून सुरुवात झाली.

पहिल्यांदा त्यांनी साड्या पुन्हा एकदा नुसत्या पाण्यात फिरवल्या. त्याने झालं एवढंच की काही साड्यांवर जास्त आणि काहींवर कमी होती ती लव सगळ्यांना सारखी वाटली गेली. मग गच्चीवर नेऊन झटकायचा विचार झाला. पण गच्चीच्या बरोबर मागे झुंबरबाईंची गच्ची. तिथे नालंदाच्या साड्या बगळ्यासारख्या पांढऱ्या वाळत होत्या आणि खुर्ची टाकून झुंबरबाई स्वतः राखणीला बसलेल्या. म्हणजे गच्ची बाद. साड्या घरातच, दोरी बांधून, पंख्याखाली वाळत घालाव्या लागल्या. पंखा सुरू झाला तशी दमट लव उडाली नाहीच, उलट जी थोडी सुटली ती भिंतीवर, टीव्हीवर आणि मनोजच्या अर्ध्या दाढीत जाऊन बसली.

मनोजला कारखान्यातली रुंद चिकटपट्टी आठवली. घरात तिचं एक अख्खं बंडल होतं. पट्टी लावायची, ओढायची, लव पट्टीला येते. छान येते. पण एक साडी साडेपाच मीटर, आणि पट्टी दोन बोटं रुंद. अर्धा पदर स्वच्छ होईपर्यंत बंडल संपलं. मग ज्योत्स्नाने कंगवा फिरवून पाहिला. मग तिने नवऱ्याच्या हातातला ट्रिमर काढून घेतला आणि साडीवरून फिरवला. ट्रिमरने लव काढली, आणखी दोन धागे काढले, आणि घर्र असा आवाज करून तो कायमचा गप्प झाला. आता साड्या केसाळ होत्या आणि मनोजची दाढी अर्धी होती.

विमलाबाई आत आल्या तेव्हा मनोज स्टुलावर उभा राहून साडीवर फुंकर मारत होता. त्या दारातच थांबल्या. एका साडीचं टोक हातात घेऊन त्यांनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं. मग दुसरीचं धरलं.

मनोजने सगळं सांगितलं. भट्टीचासुद्धा उल्लेख केला, जो केला नसता तरी चाललं असतं. विमलाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसून गुडघे चोळत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले पाहून मनोजला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आईला रडताना त्याने वडील गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज.

“झुंबरला कळता कामा नये,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि उठून पदर खोचला.

निरोप गेले. दुपारपर्यंत मंडळाच्या सगळ्या बायका घरात जमल्या, दार लावून घेतलं आणि प्रत्येकीने आपापली साडी मांडीवर घेतली. त्यातली संजना एका खासगी दवाखान्यात नर्स. तिने रबरी हातमोजे आणले, जरासे ओले केले आणि कापडावरून एकाच दिशेने हात फिरवत नेला. त्याबरोबर लवेची वळकटी होऊन पुढे यायला लागली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण दहा जणींत मोजे चार जोड, आणि घड्याळ काही कुणासाठी थांबत नव्हतं. शेवटी विमलाबाईंनी हुकूम सोडला की समोर दिसतात तेवढ्या निऱ्या आणि खांद्यावरचा पदर साफ करा, बाकीचं आत दडपा. लांबून कोण बघतंय?

तेवढ्यात दारावर थाप पडली. मनोजने दार चार बोटं उघडलं तर बाहेर झुंबरबाई. नालंदाचा हलगीवाला आजारी पडला होता, तुमचा आमच्यासाठीही वाजवेल का, हे विचारायला त्या आल्या होत्या. म्हणजे सांगितलं तरी तसं. मान मात्र फटीतून आत वळत होती. मग त्यांचं लक्ष मनोजच्या तोंडाकडे गेलं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर दाढी, आणि दाढीत निळे पुंजके. झुंबरबाई चकित झाल्या की त्यांच्या तोंडून माहेरची बोली निघते.

“हाई काय शे?”

“फॅशन आहे, मावशी,” मनोज म्हणाला. “हलगीवाला पाठवतो.” आणि त्याने दार लावलं.

साड्यांवर कडकडीत इस्त्री फिरली. आणि इथेच कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट घडली. साड्या दमट होत्या तोवर लव कापडाला घट्ट धरून होती. इस्त्रीने ती पार कोरडी झाली, सैल झाली, आणि आत निऱ्यांमध्ये, पदराच्या घडीत, सुटायची वाट बघत बसली.

संध्याकाळी मैदान भरून गेलं. हॅलोजन लागले होते, ओट्यावर रमाईंच्या प्रतिमेला हार घातला होता, आणि गारठा असूनही लोक भिंतीवर चढून बसले होते. मनमाडचे व्याही थेट स्टँडवरून मैदानात आले. व्याह्यांनी जावयाचा अर्धा गाल पाहिला, पण ते जुने रेल्वेतले गृहस्थ, त्यांनी काही विचारलं नाही. शाळेचे क्रीडाशिक्षक गोरक्ष गुरुजी माइकवर होते. त्यांनी नियम सांगितले, आणि शेवटचा नियम दोनदा सांगितला: मैदानात गुलाल उधळायचा नाही. मैदानात नुकत्याच नव्या फरशा बसवल्या होत्या. जो संघ रंग उधळेल तो बाद.

आधी नालंदाचा डाव झाला. खोटं कशाला बोला, सुरेख झाला. साड्या अशा पांढऱ्या की बघत राहावं. पावलं एका ठेक्यात, लेझमींचा आवाज एक. झुंबरबाई डाव संपवून बाजूला उभ्या राहिल्या आणि विमलाबाईंकडे पाहून जय भीम म्हणाल्या. त्यात नमस्कार कमी आणि आव्हान जास्त होतं.

मग तक्षशिलानगर. रांगेत उभं राहताना विमलाबाईंनी हळूच बजावलं की पदर घट्ट धरा, गिरकी बेताची घ्या, उडी नकोच. हलगी वाजली आणि दहा बायका अशा नाचू लागल्या की जणू प्रत्येकीच्या डोक्यावर दुधाची चरवी ठेवलेली आहे. हात वर जायचे ते खांद्यापर्यंतच. वाकायच्या त्या कंबरेत नाही, मानेत. पहिला फेर झाला, टाळी नाही. दुसरा झाला, मागे कुणीतरी जांभई दिली. ज्योत्स्ना कडेला उभी राहून ओठ चावत होती आणि मनोज तिच्या मागे लपला होता. नालंदाच्या बायका आपापसात काहीतरी बोलून हसल्या.

विमलाबाईंनी ते हसणं पाहिलं. आणि फेर घेता घेता त्यांच्या मनात आलं की आपल्या आयुष्यातली ही शेवटची लेझीम, आणि आपण ती साडी लपवत खेळतो आहोत. एवढी वर्षं बायकांना मान वर करून नाचायला शिकवलं ते यासाठी? त्यांना स्वतःचाच संताप आला.

“सोडा ते,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “खेळा.”

आणि त्यांनी उडी मारली. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर कायमची बंद केलेली, दोन्ही पाय जमिनीपासून वर, लेझीम डोक्यावर. पाय खाली आले त्या क्षणी त्यांच्या साडीतून एक निळा ढग निघाला. हॅलोजनच्या झोतात तो तरंगला, पसरला आणि सावकाश खाली बसू लागला. हलगीवाल्याचा एक ठेका चुकला. मग संजनाने उडी मारली. तिच्या निऱ्यांतूनही निळं काहीतरी उडालं. मग पाठोपाठ सगळ्यांनी.

पुढे काय झालं ते त्या मैदानावरच्या कुणालाही विचारा, तो हातवारे करून सांगेल. पांढऱ्या साड्या, आणि प्रत्येक ठोक्याला साड्यांमधून उठणारा निळा धुरळा. गिरकी घेतली की बाईभोवती निळं कडं. पदर झटकला की निळा फवारा. जयंतीच्या दिवशी, त्या मैदानावर, निळा रंग असा हवेतून उगवताना पाहून लोक उभेच राहिले. भिंतीवरची माणसं खाली उतरून पुढे आली. जय भीमचा असा गजर झाला की हलगी ऐकू येईना, आणि ऐकू येत नव्हती तरी एकीचंही पाऊल चुकलं नाही. विमलाबाईंना गुडघे आहेत याची आठवणच राहिली नाही. त्या शेवटपर्यंत उड्या मारत होत्या आणि मोठ्याने हसत होत्या.

डाव संपला, टाळ्या थांबेनात, आणि त्या टाळ्यांत झुंबरबाई तरातरा ओट्याकडे गेल्या. गुलाल उधळायचा नाही असं ठरलं होतं ना, मग हे काय होतं, असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता. गोरक्ष गुरुजींनी परीक्षक बाईंच्या कानाशी लागून काही विचारलं, मग नव्या फरशीकडे बघून मान हलवली, आणि जड आवाजात माइकवर सांगितलं की नियम म्हणजे नियम, तक्षशिलानगरचा संघ...

“थांबा, गुरुजी,” विमलाबाई म्हणाल्या.

त्या धापा टाकत ओटा चढल्या. खाली त्यांच्या मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गप्प राहिलं तर बाद, पण निदान रंग उधळून बाद, त्यात एक रुबाब होता. खरं सांगायचं तर सगळ्या वसाहतींसमोर, झुंबरबाईंसमोर, घरातली फजिती बोलून दाखवावी लागणार होती. दिवसभर दार लावून लपवलेली फजिती. विमलाबाईंनी माइक हातात घेतला.

“जय भीम. हा गुलाल नाही. हे ब्लँकेट आहे.”

मागच्या लोकांनी माना उंच केल्या.

“माझ्या घरातलं. मिंकचं, डबल. माझ्या मुलाने साड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं. सकाळपासून आम्ही ही लव काढतोय, ती काही केल्या निघाली नाही. ती आत्ता निघाली.” त्यांनी श्वास घेतला. “माझ्या बायकांनी माझ्या भरवशावर साड्या दिल्या होत्या, त्या माझ्या घरात खराब झाल्या. बाद करायचंच असेल तर त्याच्यासाठी करा. गुलालासाठी नको. गुलाल आम्ही उधळला नाही.”

कुठेतरी एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मग सगळं मैदान हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला हसावं तसं. मनमाडचे व्याही छाती पुढे काढून शेजारच्याला सांगू लागले की ते ब्लँकेट खास आमच्यासाठी धुतलेलं आहे. अर्ध्या दाढीचा मनोज कुठे आहे याचा शोध सुरू झाला, आणि ज्योत्स्नाने बाजूला सरकून तो दाखवला.

झुंबरबाई मात्र हसल्या नाहीत. अशा सांगण्यावर त्या विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत. ओट्यावरच्या तांब्यात बोट बुडवून त्या खाली उतरल्या, फरशीवर बसलेली थोडी निळाई बोटाने टिपली आणि दुसऱ्या तळव्यावर दाबून घासली. निळा गुलाल असता तर तळवा निळा झाला असता. सगळे त्या तळव्याकडे बघत होते. झुंबरबाईंच्या तळव्यावर एक चिमुकली निळी गोळी तयार झाली, आणि तळवा होता तसाच राहिला. आता त्या काही बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. गर्दी होती, लांबून कुणाला नीट दिसलं नव्हतं. विमलाबाई माइक धरून वर उभ्या होत्या आणि त्यांचा जीव त्या तळव्यावर होता.

“लव हाय,” झुंबरबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मिंकचीच हाय. आमच्या घरी बी असलंच एक हाय, त्याच्यापायी आमच्या मालकांच्या समद्या काळ्या पँटी गेल्या. गुलाल नाय हा, गुरुजी.”

गुरुजींनी फरशीवर पाय घासून स्वतःची खात्री करून घेतली. फरशी कोरी करकरीत होती. परीक्षक बाई उठल्या. त्यांनी सांगितलं की तक्षशिलानगरच्या पहिल्या दोन फेऱ्यांना आपण फार कमी गुण दिले होते, पण त्यानंतर बायका ज्या मोकळेपणाने खेळल्या तसं या मैदानावर आपण कधी पाहिलं नाही. ढाल तक्षशिलानगरची.

काय सांगायचं तुम्हाला. बायकांनी विमलाबाईंना उचलायचा प्रयत्न केला, तो गुडघ्यांच्या काळजीने अर्ध्यावर सोडला आणि त्यांच्याभोवतीच पुन्हा फेर धरला. ज्याला त्याला मनोजचा हात हातात घ्यायचा होता. चौदा एप्रिलसाठी ब्लँकेट कुठे मिळेल, कोणत्या बटणावर फिरवायचं, किती वेळ, असं दुसऱ्या वसाहतींच्या बायका त्याला गंभीरपणे विचारत होत्या, आणि तोही गंभीरपणे सांगत होता. ज्योत्स्ना ते ऐकून कपाळावर हात मारत होती, पण हसत होती.

विमलाबाई ढाल छातीशी धरून ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ती पितळी होती, जड होती, गार होती. त्या ती सोडत नव्हत्या आणि डोळेही पुसत नव्हत्या. गर्दी जरा पांगल्यावर झुंबरबाई त्यांच्याजवळ आल्या. शेजारी टेकल्या.

“चांगली उडालीस, विमल,” झुंबरबाई म्हणाल्या.

मग बाईच्या हाताला जी सवय असते तिने त्यांचा हात आपोआप पुढे गेला. विमलाबाईंच्या खांद्यावर निळ्या लवेचा एक पुंजका राहिला होता, तो दोन बोटांच्या चिमटीत धरून त्या काढू लागल्या. विमलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“राहू दे गं.”

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच चिमटी आवळून अर्धा पुंजका तोडून घेतला, आपल्या पांढऱ्याशुभ्र पदरावर नीट दाबून लावला, आणि जय भीम म्हणून घरी निघाल्या.